तडा गेलेल्या डबीतला रुपया

एकदा एक म्हातारा होता. असल्या गोष्टींतला म्हातारा शहाणाच असतो, हे आपण वाचायला बसण्याआधीच मान्य करून टाकलेलं असतं. इथे तेवढी घाई नको. हा शहाणा होता की नुसताच जुना झालेला होता, हे त्याचं त्यालाही उतारवयात एका फुटक्या डबीवरून उमगलं, आणि तेही एक मुलगी त्याच्यावर चिडली म्हणून.

सांगलीत त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत. आडनाव रिसबूड. जुन्या नाण्यांची पारख हा त्यांचा आयुष्यभराचा व्यासंग. गावच्या नाणेसंग्राहक मंडळात त्यांनी एखादं नाणं भिंगाखाली धरून नुसतं ‘हं’ म्हटलं की ते खरं ठरे, आणि न बोलता भिंग खिशात टाकलं की खोटं. मंडळात बाकीही बरीच वडीलधारी माणसं होती. त्यांनाही मतं असतील; पण बापूसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिल्याखेरीज ती तोंडाबाहेर काढायची सवय त्यांना उरली नव्हती. बापूसाहेबांची पत्नी जाऊन बराच काळ लोटला होता. मुलगी बंगळुरात. घरात रोज आवाज करणारं असं एक भिंतीवरचं घड्याळ तेवढं होतं, आणि तेही मागे पडायचं.

रोहिणी कुंभोजकर ही त्यांची शिष्या. ती एका पतसंस्थेत काउंटरवर बसायची. दिवसभर काचेला पाडलेल्या भोकातून माणसांशी बोलायचं, संध्याकाळी भाड्याच्या खोलीत येऊन एका माणसाचा डबा उघडायचा. तिचं स्वतःचं म्हणावं असं बोलणं आठवड्यातून एकदाच, रविवारी व्हायचं, बापूसाहेबांच्या पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत. तिथे ती नाण्यांविषयी शिकायची, मध्येच त्यांच्या सुपारीवरून त्यांना बोलायची, ते तिच्या केसांवरून तिला बोलायचे. ती खुर्ची गेली असती तर तिच्या आठवड्यात कुठेही थांबायची जागा उरली नसती. तिला हे ठाऊक होतं, म्हणून त्या खोलीत ती सहसा वाद घालत नसे.

आता डबीविषयी सांगायला हवं. नाण्यांच्या बाजारात एक पद्धत रुळली आहे. मोलाचं नाणं एखाद्या मोठ्या कंपनीकडे धाडायचं. तिथले तज्ज्ञ ते तपासतात, सत्तरपैकी गुण देतात आणि कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत कायमचं बंद करतात. डबीत वरच्या बाजूला चिठ्ठी असते: नाणं कोणतं, साल कोणतं, गुण किती. ही डबी उघडता येत नाही, फोडावी लागते; आणि फोडली की चिठ्ठीचा शब्द संपला. म्हणून जिच्या कोपऱ्याला तडा आहे, जिच्या सांध्यावर गोंद दिसतो, अशा डबीपासून जाणकार चार हात लांब राहतात. खरं नाणं काढून घेऊन कुणी खोटं आत सरकवलं असेल, ही भीती. ती निराधार नाही. असे बदमाश आहेत, आणि त्यांचे हात फार स्वच्छ काम करतात.

“आधी डबी, मग चिठ्ठी, नाणं शेवटी,” असं बापूसाहेब शिकवत. रोहिणीला ते पाठ होतं. चारही कोपरे अंगठ्याने चाचपायचे, सांधा उजेडासमोर तिरका धरायचा, चिठ्ठीवरचं अक्षर जरा जरी फुगीर वाटलं तरी वस्तू परत करायची. हे सगळं करता करता नाण्याकडे बघायचं राहूनच जातं, हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. शिकवणाऱ्याच्याच आलेलं नव्हतं.

मंडळाचं प्रदर्शन दरवर्षी पितृपक्षात भरे. पितृपक्षात लग्नं नसतात, मंगल कार्यालय कमी भाड्यात मिळतं. पूर्वजांची नाणी मांडायला पूर्वजांचाच पंधरवडा बरा, हा मंडळातला जुना विनोद, आणि तो दरवर्षी नवा असल्यासारखा केला जाई. पंगतीच्या टेबलांवर पांढरे कागद अंथरून विक्रेते बसत. वर व्यासपीठावर वधूवरांची लाल मखमलीची दोन सिंहासनं होती. त्यांतल्या एकात बापूसाहेब बसून लोकांनी आणलेली नाणी पाहत. शेजारचं सिंहासन रिकामं असे. त्यावर त्यांची पिशवी असायची.

त्या वर्षी दुपारच्या सुमाराला एक आजी आली. नऊवारी लुगडं, पायांत रबरी चपला, हातात कापडी पिशवी. पिशवीत हातरुमाल, हातरुमालात डबी. आत एका विरळ सालाचा राणीछाप रुपया होता. डबीचा एक कोपरा फुटलेला होता आणि सांध्याच्या कडेने वाळलेल्या गोंदाची पिवळट रेघ होती. पहिल्याच टेबलावरच्या शेठनी ती वरखाली करून पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आजी, बरणी फुटलीय. लोणचं गेलं.” आसपासचे लोक हसले. लोक हसताहेत म्हणून आजीही थोडी हसली. ते हसणं रोहिणीला बघवलं नाही.

रांगेत उभी राहून आजी व्यासपीठापर्यंत पोचली. बापूसाहेबांनी डबी हातात घेतली नाही. टेबलावर होती तिथेच तर्जनीच्या टोकाने जराशी फिरवली, कोपरा पाहिला, गोंदाची रेघ पाहिली, आणि त्याच बोटाने ती परत आजीकडे सारली. भिंग खिशातून निघालंच नाही.

“डबी फुटकी आहे,” ते म्हणाले.

“ती फुटलीय ते मला ठावं हाय,” आजी म्हणाली. “आतला रुपया बगा की.”

पण मागच्या माणसाने आपली नाणी टेबलावर ओतली होती, आणि बापूसाहेबांची मान तिकडे वळली होती. आजी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग खाली उतरून, पंगत उठल्यावर लोक हात धुतात त्या नळांच्या रांगेशेजारी एका खुर्चीत जाऊन बसली. सगळ्या सभागृहात तिला विचारणारं कुणी उरलं नाही. मंडळातली एवढी जाणती माणसं, प्रत्येकाने ते बोट पाहिलं होतं, आणि त्यांच्यापुरतं तेवढं पुरे होतं.

रोहिणी तिच्यासाठी चहा घेऊन गेली. तिला दया आली, असं म्हणता येईल. पण दयेपेक्षा तिला त्या बोटाचा राग आला होता. तिने डबी हातात घेतली. आत रुपया किंचित हलत होता, खुळखुळत होता. प्लास्टिकमधून दिसत होतं तेवढ्यावरून तो तिला चांगला वाटला. आजी म्हणाली, काय द्यायचं ते दे बाई, मला ही घरात नको. रोहिणीने खिशात होते तेवढे दिले. धड डबीतल्या अशा रुपयाला जो भाव आला असता त्याच्या हे जवळपासही नव्हतं. भाव त्या बोटाने पाडला होता. तिने तो वर उचलला नाही एवढंच. त्या क्षणी मात्र आपण फार धाडसाचं काही करतो आहोत, असंच तिला वाटत होतं.

जाताना आजी म्हणाली, “तासगावात असते मी. गणपतीच्या देवळामागं, द्वारकाबाई म्हणून कुणालाबी विचार. ये कवातरी.”

रोहिणी डबी उजेडाकडे धरून पाहत होती. “हो, हो,” म्हणाली.

रविवारी ती वेताच्या खुर्चीत बसली आणि तिने डबी बापूसाहेबांसमोर ठेवली. तिने मनात दोन्ही तयाऱ्या केल्या होत्या. रुपया खोटा निघाला तर इतक्या वर्षांचं शिकणं पाण्यात, आणि ते हसतील. खरा निघाला तर ते हसणार नाहीत, आणि ते जास्त अवघड. दोन्हीकडून खुर्ची डुगडुगत होती.

बापूसाहेबांनी डबी ओळखली. रागावले नाहीत. यावेळी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग उठून आतल्या खोलीत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि येताना दुसरी एक डबी घेऊन आले. रोहिणी ती चांगली ओळखत होती. तेच साल, तोच राणीछाप रुपया, चिठ्ठीवर उत्तम गुण, चारही कोपरे शाबूत, सांधा काचेसारखा. मंडळातले लोक ती नुसती बघायला म्हणून यायचे. बापूसाहेब तिला ‘आमची राणी’ म्हणत.

पानाच्या तबकातून त्यांनी अडकित्ता उचलला. रोहिणीला वाटलं, सुपारी कातरणार. त्यांनी अडकित्त्याची पाती त्या निर्दोष डबीच्या कोपऱ्यावर ठेवली आणि जोर दिला.

“सर, अहो, काय करताय?”

प्लास्टिक कडकन उडालं. एक तुकडा घड्याळापर्यंत गेला. त्यांनी सांधा पुरता उकलला, चिठ्ठी बाजूला टाकली, रुपया बोटाच्या टोकावर तोलला आणि नखाने टिचकी मारली.

तो वाजला. चांदीचा तो नाद लांब, बारीक, खोलीभर राहिला. मग बापूसाहेबांनी अडकित्ता तिच्यापुढे धरला. “आता तुझी,” म्हणाले.

रोहिणी घुटमळली. फुटकी का असेना, डबी होती. चिठ्ठीचा थोडाफार आधार होता. पण त्यांनी आपली फोडल्यावर तिला मागे राहता येईना. तिने आधीच तडकलेल्या कोपऱ्यात पातं घातलं. रुपया बाहेर आला, टिचकी बसली, आणि तसाच लांब, बारीक नाद झाला. खरा होता. तळहातावर घेतल्यावर तिला दिसलं, राणीच्या नावाच्या अक्षरांच्या खाचांत काहीतरी लालसर बसलेलं होतं. तिने नखाने टोकरलं. कुंकू होतं.

“तुम्ही चुकलात,” ती म्हणाली. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. “पण स्वतःची डबी का फोडलीत? ती तर खरीच होती.”

बापूसाहेब खुर्चीत मागे टेकले. मग त्यांच्या नेहमीच्या संथ आवाजात बोलले.

“रोहिणी, परीक्षकाला खोट्या नाण्याचं भय असतं, असं लोक समजतात. त्याहून मोठं भय आपली चूक उघडी पडण्याचं असतं. डबी त्या भयावरचं औषध आहे. आत काय आहे ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. आपल्याला बाहेरून कोपरे तेवढे तपासायचे असतात. हा रुपया वीसएक वर्षं माझ्यापाशी आहे. याचा आवाज मी आज प्रथम ऐकला. मी त्याला सांभाळतो आहे असं म्हणत होतो, पण इतकी वर्षं तो त्या कपाटात एकटा पडून होता आणि मी इथे. आता तुझी ही डबी. तिला तडा गेला म्हणजे कुणीतरी आत हात घालू पाहत होतं. ते माणूस चोर असेल, किंवा ज्याचं नाणं आहे तेच असेल. प्लास्टिककडे पाहून हे कसं कळणार? समोर बाई उभी होती. तिला विचारायचं होतं.”

बोलणं चांगलं होतं. असल्या गोष्टी इथेच संपवायची रीत आहे. शिष्य नमस्कार करतो, वाचक मान हलवतो. रोहिणीने नमस्कार केला नाही.

“मग विचारलं का नाहीत?”

बापूसाहेबांनी अडकित्ता तबकात नीट ठेवला. “त्या दिवशी मंडळ बघत होतं,” ते म्हणाले.

“मंडळ बघत होतं म्हणून तुम्ही नाणं बघितलं नाहीत.”

“असं म्हण हवं तर.”

“मग आता जाऊन विचारा. तासगाव, गणपतीच्या देवळामागे, द्वारकाबाई.”

ते गुडघ्यांविषयी बोलू लागले. एस.टी.च्या पायऱ्यांविषयी. शिवाय आता एका अनोळखी घरी जाऊन काय सांगायचं. तू तरुण आहेस, तू जा, तू गेलीस म्हणजे मी गेल्यासारखंच आहे. रोहिणी ऐकत होती, आणि तिला वाटत होतं की आयुष्यभर तिच्यासमोर बसलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाने हेच सांगितलं होतं: शहाणपण आमचं, पायपीट तुझी. राग नुसता त्यांचा नव्हता. कमी पैशांत रुपया घेणारी ती स्वतः होती, आणि कुंकू कुणाचं हे तिलाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

“पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एस.टी. फुकट आहे, सर,” ती म्हणाली. “तेवढं तरी वसूल करा. तुम्ही जाऊन याल, त्यानंतर मी या खुर्चीत बसेन.”

बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. पण शब्द परत घेणं तिला जमत नसे. रुपया पर्समध्ये टाकून ती निघाली. मागे घड्याळाचा आवाज येत होता.

पुढच्या रविवारी ती तासगावला गेली. देवळामागे विचारल्यावर एका पोराने घर दाखवलं. दोन खोल्या, पुढे तुळस, दाराला आतून दोन कड्या. द्वारकाबाईंनी आधी फटीतून पाहिलं, मग कड्या काढल्या. “चहावाली पोरगी,” त्या म्हणाल्या. “ये, बस की.”

रोहिणीने रुपया त्यांच्या तळहातावर ठेवला, उघडा. त्यांनी अंगठा राणीच्या गालावरून फिरवला. गाल तिथे झिजलेला होता. अंगठा बरोबर त्या जागी बसला. रोहिणीने विचारलं, “आजी, डबी कशी फुटली?”

“अडकित्त्यानं,” त्या म्हणाल्या, आणि जणू कुणी विचारेल म्हणून वाटच बघत असाव्यात तसं सगळं सांगत गेल्या. हा रुपया सासूने त्यांच्या हाती दिलेला. लक्ष्मीपूजनाला तबकात ठेवायचा, पंचामृताने न्हाऊ घालायचा, हळदकुंकू वाहायचं, पुसून वर्षभर डब्यात. त्यांचा मुलगा सतीश पुण्याला असतो. त्याला कुणी सांगितलं की हे साल विरळ आहे; त्याने रुपया कुठेतरी पाठवून डबीत बंद करून आणला आणि किंमत सांगितली. ती ऐकल्यापासून आईची झोप गेली. दाराला दुसरी कडी बसवली. शेजारणीला घरात घ्यायची भीती वाटू लागली. मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाची वेळ झाली, तबक मांडलं, आणि प्लास्टिकवर दूध घालायचं का, या विचारात त्या थांबल्या. सतीश बाहेर गेला होता. त्यांनी अडकित्ता घेतला. हात घसरला, कोपरा फुटला, सांधा थोडा उकलला, आणि तेवढ्यात तो आला.

“काय बोलला म्हणून सांगू,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आई, तुला अक्कल हाय का, म्हणला. सणाच्या दिवशी. मग गोंद लावत बसला.”

गोंदाची ती पिवळट रेघ रोहिणीला आठवली. मंडळातल्या प्रत्येक जाणत्याने त्या रेघेत चोर पाहिला होता.

वर्षभर सतीशचा रोज फोन यायचा. रुपया नीट आहे का, कुठे ठेवलाय, विकलास का. डबी विकली असं सांगितल्यापासून फोन आला नव्हता. पैसे त्यांनी लक्ष्मीच्या तसबिरीमागे जसेच्या तसे ठेवले होते. ते काढून त्यांनी रोहिणीच्या हातात कोंबले.

“आता ह्याला किती गुण?” त्यांनी रुपया दाखवून विचारलं.

“आता काहीच नाहीत, आजी. डबी गेली, गुण गेले.”

“मग बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आता एकच कडी लावीन.” थोड्या वेळाने पुन्हा बोलल्या. “रुपया परत आला म्हणून कळवलं तर त्यो रोज फोन करंल.” त्यांनी भिंतीशी ठेवलेल्या मोबाइलकडे पाहिलं. “पण नगं. चौकशी रुपयाची आसती.”

त्यानंतर रोहिणी रविवारी तासगावला जाऊ लागली. द्वारकाबाई तिला जेवायला घालत, तिच्या खोलीचं भाडं, तिची नोकरी, तिचं लग्न यांवर न विचारता मत देत. तिला ते आवडत होतं. तरीही येताना एस.टी.च्या खिडकीपाशी तिला वेताची खुर्ची आठवायची. बापूसाहेबांच्या शेजारीणबाई एकदा पतसंस्थेत आल्या, तेव्हा काचेच्या भोकातून म्हणाल्या, म्हाताऱ्याला काय झालंय कोण जाणे. संध्याकाळ झाली की एकटेच बसून रुपया वाजवतात. वाजवतात, थांबतात, परत वाजवतात. रोहिणीने त्यांची पावती फाडून दिली. रविवार आला तेव्हा तिचे पाय एकदा त्या गल्लीपर्यंत गेले, आणि तिथूनच परत फिरले. नमतं घ्यायला तिची हरकत नव्हती. पण नमतं घेतलं असतं तर त्या खोलीत पुन्हा तेच सुरू झालं असतं, ते सांगणार आणि ती हिंडणार.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती दुपारपासून तासगावात होती. सतीशला सुट्टी नव्हती. द्वारकाबाईंनी पाट मांडला, नवी केरसुणी ठेवली, लाह्याबत्तासे काढले. रुपया तबकात ठेवला. मोबाइलही पाटाशेजारी आणून ठेवला, आवाज मोठा करून. दिवे लागायच्या वेळेला दारात चपला काढल्याचा आवाज आला. चपला काढायला फार वेळ लागत होता.

बापूसाहेब होते. काळा कोट घातलेला, एका हाताने दाराची चौकट धरलेली. रोहिणीकडे त्यांनी पाहिलं नाही.

द्वारकाबाईंनी डोळे बारीक केले. “तुम्ही ते नवरदेवाच्या खुर्चीतलं नव्हं?”

रोहिणीला हसू आवरलं नाही. बापूसाहेब म्हणाले, “हो. तोच.” आणि उंबऱ्याबाहेरच उभं राहून म्हणाले, “बाई, तुमची डबी कशी फुटली, ते विचारायचं राहिलं होतं.”

द्वारकाबाईंनी त्यांना आत बोलावलं, बसायला चटई टाकली आणि सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. सासूपासून अडकित्त्यापर्यंत. बापूसाहेबांनी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. माहिती दुरुस्त केली नाही, साल सांगितलं नाही. रोहिणीने त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. शेवटी द्वारकाबाई म्हणाल्या, “तुम्ही निदान बोट तरी लावलंत. बाकीच्यांनी तेवढंबी केलं न्हाई.”

हे सांत्वन होतं की टोला, रोहिणीला कळलं नाही. बापूसाहेबांना कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

मग कोटाच्या खिशातून त्यांनी हातरुमाल काढला. त्यात त्यांचा रुपया होता. “याला कधीच अंघोळ नाही,” ते म्हणाले. क्षमा मागण्याचे शब्द त्यांना येत नव्हते. एवढी वर्षं लोकांनी ते त्यांच्याकडून कधी मागितलेच नव्हते. जमलं ते एवढंच.

“द्या हिकडं,” द्वारकाबाई म्हणाल्या.

दोन्ही रुपये एका तबकात बसले. दूध, दही, तूप, मध, साखर. मग पाणी, मग हळदकुंकू. आरतीला तीन आवाज होते आणि तिघांना तीन वेगळ्या चाली येत होत्या. पाटाशेजारचा फोन वाजला नाही. बापूसाहेबांनी मध्येच आपला फोन खिशातून काढून पाहिला, आणि द्वारकाबाईंच्या फोनशेजारी ठेवला. तोही वाजला नाही.

निघायच्या वेळी द्वारकाबाईंनी दोन्ही रुपये पुसून तळहातावर धरले. दोन्हींच्या अक्षरांत आता कुंकू होतं. “ह्यातला तुमचा कुठला?” त्यांनी विचारलं.

भिंगाखाली धरला असता तर बापूसाहेबांना एका क्षणात सांगता आलं असतं. भिंग खिशात होतं, ते तिथेच राहिलं. “तुम्ही द्याल तो,” ते म्हणाले. द्वारकाबाईंच्या अंगठ्याने झिजलेला गाल केव्हाच शोधला होता. तो रुपया त्यांनी मुठीत ठेवला आणि दुसरा त्यांना दिला.

स्टँडपर्यंतच्या रस्त्यावर दोघं सावकाश चालली. दोन्ही बाजूंना घरोघरी पणत्या होत्या, माणसं होती. बसच्या पायरीवर रोहिणीने त्यांचा दंड धरला. आत बसल्यावर ते म्हणाले, “रविवारी येशील?”

“सकाळी येईन,” ती म्हणाली. “दुपारी दोघंही इकडे येऊ.”

त्यांनी मान हलवली आणि खिशातल्या रुपयावर हात ठेवून खिडकीबाहेर पाहत राहिले.

तडा गेलेलं काही समोर आलं, तर भाव पाडण्याआधी तडा गेला कसा एवढं विचारून बघावं. सांगणारं माणूस बहुतेक वेळा तिथेच, हात धुवायच्या नळापाशी बसलेलं असतं.